मास्तरांचा जुना फोन

"टीव्ही ठणठणीत आहे," मेकॅनिकने तिसऱ्यांदा सांगितलं. "बाहेरून कोणीतरी चॅनल बदलतंय."

रिमोट तर तिने कपाटावर ठेवलेला. तरी ती स्वयंपाकघरात वळली की बातम्यांच्या जागी कुस्त्या लागायच्या. नवरा म्हणायचा, आपोआप लागल्या. त्याला तरी काय विचारणार? जिन्यावरून पडल्यापासून आठ महिने तो मानेखाली लाकूड होऊन पलंगावर होता.

मेकॅनिक जाता जाता बोलून गेला, की समोरच्या इमारतीतल्या मास्तरांच्या जुन्या फोनमध्येच रिमोट होता. न्हाव्याच्या दुकानातला टीव्ही ते गंमत म्हणून बंद करायचे. मास्तरांची खिडकी बरोबर हिच्या खिडकीसमोर.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधीच सकाळपासून ती धुमसत होती. चष्म्याच्या कारखान्यात चौदा वर्षं भिंगं तपासलेली बाई, आणि आज तिने राजीनामा पाठवला होता. मदतीला कोणी ठेवू म्हटलं, तर परक्या हातचा घास घशाखाली उतरणार नाही असा नवऱ्याने धोशा लावला. मग चमचा हिच्याच हातात आला. आणि त्या म्हाताऱ्याला गंमत सुचत होती!

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला. "शेजाऱ्यांशी कशाला वैर?"

एरवी भांडायला एका पायावर तयार असणारा माणूस. त्याला इतका नरमलेला पाहून तिला जास्तच चीड आली. ती तरातरा रस्ता ओलांडून दोन जिने चढली.

मास्तरांनी दार उघडताच तिने तोंडाचा पट्टा सोडला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची थट्टा करता, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. कुठे आहे तो फोन?

मास्तर कानाने अधू. त्यांच्यापर्यंत 'फोन' एवढाच शब्द पोचला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"काय फोन होता! मागचं झाकण नखाने उघडायचं. बॅटरी आपली आपण बदलायची. कडा गोल, मुठीत मावायचा. आणि वरच्या बाजूला एवढीशी काळी काच, तोच रिमोट. आताच्या फोनमधून काढूनच टाकलं सगळं."

"मला तो बघायचाय," ती कानाशी ओरडली. "आत्ता."

"माझ्याकडे कुठे आता?" मास्तर म्हणाले. "महिना झाला. तुम्ही बाजारात गेला होतात, तेव्हा तुमचे यजमानच दोन जिने चढून आले आणि मागून घेऊन गेले."