तिथं हाय तरी काय?

दिवाळीच्या सुट्टीत कुशाबाईच्या गोरखनं घरच्यांना लक्झेंबर्गला न्यायचं ठरवलं, तेव्हा अख्खं अवसरी गाव हसलं. "स्वित्झर्लंड सोडून तिथं हाय तरी काय, राव?"

पोचले त्याच दिवशी, दिवेलागणीला, नात आरोही मुक्कामाच्या घरामागच्या मक्याकडं पळत सुटली आणि कुशाबाई ओरडत तिच्यामागं धावली. "आरोहे, फिर माघारी! दिवस मावळला!"

"खेळू दे, आई," गोरख म्हणाला. "आपल्या गावावानी या देशात बिबट्या न्हाई."

कुशाबाईनं त्याला दोनदा विचारून घेतलं. मग मक्याकडं चक्क पाठ करून ती पायरीवर टेकली.

तेवढ्यात गावाकडून जावेचा फोन आला. "काय हाय गं तिथं?"

"कायबी न्हाई बघ! अंधार पडला, तरी आमची आरोही अजून भायेर खेळतीया."