मागच्या रांगेतली खोली

सुट्टीला निघालात ना, त्या बेटावर? मग बोट सुटेस्तोवर टेका जरा इथं. तिथल्या रिसॉर्टात उतरलेल्या दोन म्हाताऱ्या पाहुण्यांची गोष्ट आहे. ऐकून जा, वाया नाही जायची.

रिसॉर्टचा मॅनेजर चांगला माणूस. तोंडात साखर, डोक्यावर बर्फ. पण ते दोघं उतरले त्या दिवशी त्यांच्यातल्या मिस्त्रीनं त्यालाही घाम फोडला.

मिस्त्री म्हणजे गवंडी. जन्मभर लोकांची घरं बांधली, आता गुडघे गेलेले. पोरगा हाताशी आला, तसं त्यानं आईला विचारलं, तुला काय पाहिजे सांग. उभ्या जन्मात काही न मागितलेली बाई, पण याच बेटावर जायचं म्हणून हटून बसली. पोरानं हौसेनं समुद्रासमोरची खोली घेऊन दिली. पडदा सारला की पाणीच पाणी. आणि हे दोघं काउंटरवर अडून बसलेले. म्हणे, आम्हाला मागच्या रांगेतली शेवटची द्या.

मॅनेजरनं परोपरीनं सांगून पाहिलं. त्या खोलीतून दिसतं काय, तर धुऊन वाळत घातलेल्या चादरी.

"दिसू देत," मिस्त्री म्हणाला. "समुद्र कुठं पळून जातोय."

काही माणसांना सुखच टोचतं, असं मनात म्हणत मॅनेजरनं चावी दिली.

दुसऱ्या दिवशी खोल्या झाडणारी बाई तक्रार घेऊन हजर. म्हातारी तिला केरच काढू देत नव्हती. स्वतः पदर खोचून कानाकोपरा झाडला, वर हिलाच खुर्चीत बसवून पाणी पाजलं. पलंग उचलून भिंतीला लावलाय आणि दोघं खाली चटईवर झोपतात, असंही बाईनं सांगितलं. झोपतात तेही मधे हातभर जागा सोडून.

"भांडलेत काय हो साहेब, या वयात?"

मॅनेजर हसला. मऊ गादीवर पाठ धरत असेल म्हणाला, आणि विषय सोडला.

पण लक्ष जायचं ते जायचंच. बाकीचे पाहुणे वाळूत पसरलेले, शहाळं पीत, अंगाला तेल चोपडून. मिस्त्रीही छत्रीखाली बसायचा, पण समुद्राकडं पाठ करून. तोंड खोल्यांकडं. म्हातारी तर किनाऱ्याकडं फिरकलीच नाही. होडीची सहल होती, मालिश होतं, संध्याकाळी गाणीबजावणी होती. नवऱ्याला म्हणायची, तुम्ही जाऊन या, मी आहे इथं. जेवणातलं गोड तेवढं वाटीत झाकून खोलीवर न्यायची.

एकदा मॅनेजरनं तिला गाठलंच. "काकू, एवढ्या लांब आलात, आणि नुसत्या खोलीत?"

"आराम करायलाच आलोय की रे," ती म्हणाली. "पोटभर बसून घेते."

आठवडा सरत आला आणि मालकाचा फोन आला. मागची रांग पाडायची, तिथं पोहायचा तलाव करायचा. खोदायचं यंत्र उद्याच बोटीनं येतंय, खोल्या रिकाम्या करून ठेव.

मॅनेजरला वाटलं, बरंच झालं. म्हाताऱ्यांना आता तरी समुद्रासमोर जावं लागेल. बॅग स्वतः उचलायची म्हणून तो गेला आणि हसतहसत बातमी दिली.

मिस्त्रीनं एवढंच विचारलं, "किती खोल खणणार?"

"पुरुषभर तरी."

मिस्त्रीनं दाराची चौकट धरली.

म्हातारी कपाटाशी उभी होती. तिनं विचारलं, अख्खी खोली खणणार का? हा कोपराही? मॅनेजर म्हणाला, कोपरा सोडून तलाव कसा होईल काकू. ती हलेना. शेवटी त्याचा धीर सुटला.

"अहो, पण या खोलीत असं आहे तरी काय?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मिस्त्रीनं मान हलवली, नको म्हणून. पण म्हातारीनं मॅनेजरचा हात धरला, त्याला जमिनीवर बसवलं आणि सांगितलं. फार नाही. आवाज चढला नाही की डोळ्याला पदर लागला नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तसं सांगितलं.

मॅनेजर बाहेर आला तो बूट हातात घेऊन.

तसाच अनवाणी ऑफिसात गेला आणि मालकाला फोन लावला. म्हणाला, मागं कातळ आहे, यंत्र मोडून पडेल. मालक भडकला. तू कधीपासून इंजिनियर झालास म्हणाला.

"मी नाही साहेब. इथं एक मिस्त्री उतरलेत, जन्मभर पाये खणलेला माणूस. ते म्हणतात, इथं खणू नका."

मालकानं शिव्या घातल्या. आणि मग म्हणाला, बरं, पुढं खण.

दुसऱ्या दिवशी यंत्र पुढच्या बाजूला लागलं, आणि ही दोघं निघाली. म्हातारीनं दाराला कुलूप लावलं नाही, नुसतं लोटून घेतलं. बोटीपर्यंत पोचवायला मॅनेजर आला. वाटभर तो गुडघ्यांना कुठलं तेल चांगलं तेच सांगत राहिला.

बोट आलीच तुमची. रिसॉर्टच्या आधी त्या बेटावर गाव होतं. सगळं गाव एका दिवसात बोटीत घालून उठवलं, आणि त्या शेवटच्या खोलीच्या जागी मिस्त्रीचं घर होतं. ती खोली तुमच्या वाट्याला आली तर एवढं करा, कपाटाच्या कोपऱ्यात पाय जरा हळू टाका. खाली त्यांची तान्ही लेक निजलीय.