सव्वा मूठ गहू

"काका, कॉम्प्युटरला वायफाय लागत नाही." नूतन पितांबरच्या दारात उभी होती. "घरी कानबाई बसली. हे सुरतहून आरती बघणार होते."

पितांबरने चष्मा पुसला. "तुझ्या सासऱ्यांनी पाठवलं?"

"नाही. मीच आले."

तिचा सासरा कौतिक, पितांबरचा थोरला भाऊ, राहायचा गल्लीच्या पलीकडे. पण वाटणीचं भांडण झालं, तेव्हापासून पितांबरने ती गल्ली ओलांडली नव्हती. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन गावी परतला, तरी नाही. कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोटही तेव्हाच सुटले. ते घरच्यांनीच खायचे. माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून दळायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. आपण आता घरचे की बाहेरचे, हे विचारायची त्याची छाती झाली नव्हती.

आज तो नूतनच्या मागोमाग गेला. भावाच्या घराला नवा रंग दिला होता. कौतिक खाटेवर बसला होता. "ये," एवढंच म्हणाला.

स्क्रीनवर वायफायची एकच रेघ दिसत होती. पितांबरने राउटर बंद करून चालू केला. रेघ एकच.

"उंच धरून बघ जरा."

कौतिक राउटर घेऊन स्टुलावर चढला. "आते? वाढली रेघ?"

"नही."

"आते?"

"थोडा डावीकडे, भाऊ!"

दोघंही थांबले. लहानपणी बापाच्या रेडिओसाठी कौतिक असाच घराच्या धाब्यावर तार धरून फिरायचा आणि पितांबर खालून ओरडायचा.

"एकदा गाणं लागलं, अन् तू सांगायचंच विसरलास," कौतिक म्हणाला. "मी उन्हात उभाच, बावळटासारखा."

"गाणं चांगलं होतं."

चुलीपाशी कौतिकची बायको कुंदाबाई पदरात तोंड घालून हसली.

पितांबरने कॉम्प्युटरचा डबा फिरवला. मागे अँटेनाची दांडी बसते ती जागा रिकामी.

"इथली दांडी कुठे गेली?"

कौतिकने भिंतीतल्या दिवळीत हात घातला आणि लगेच दांडी बाहेर काढली. "ही का? रंगकामात निघाली असेल."

दांडी आट्यांची होती, फिरवल्याशिवाय निघणारी नव्हती. रंगारीही हौशी दिसतो, पितांबरला वाटलं. त्याने ती घट्ट बसवली. रेघा भरल्या.

आरती झाली. पडद्यावर पुतण्या हात जोडून बसला होता. मध्येच ओरडला, "काका? तुम्ही आपल्या घरी?" पितांबरने नुसती मान हलवली.

पानं मांडायची वेळ झाली, तसा तो उठला. "निघतो, वहिनी. रोट मोजून असतात."

"मोजूनच आहेत." कुंदाबाईने त्याच्यापुढे भरलेलं ताट ठेवलं. "तुमच्या नावाची मूठ परवा दळणाआधीच काढली यांनी."

कौतिक खाली मान घालून रोट मोडत होता.

"अन् ती दांडीही यांनीच काढली, आज सकाळी."