लिहून देणाऱ्याची सही

निवृत्त पोलीस आयुक्त रत्नाकर चौबळ दर मंगळवारी वाचनालयात बसून लोकांना फुकट अर्ज लिहून देत. आज समोर कौसल्याबाई हिवाळे होत्या. त्यांचा मुलगा कोठडीतल्या मारहाणीत गेला होता.

ऐकता ऐकता चौबळांचा चेहरा लाल झाला. “मारायचा हुकूम कोणी दिला? त्या अधिकाऱ्याचं नाव सांगा.”

अभय कायद्याने बड्या अधिकाऱ्यांवरचे खटले रद्द होत आणि त्यांना साक्षीलाही बोलावता येऊ नये म्हणून डोक्यात बसवलेलं यंत्र त्या प्रकरणाची आठवणच पुसून टाकी. पुन्हा कोणी सांगितलं, तर तेही पुसलं जाई. पहिल्या मंगळवारी कौसल्याबाईंनी नाव सांगितलं, तेव्हा साहेब ढसाढसा रडले होते. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी हसून विचारलं होतं, “बोला बाई, काय काम काढलंत?”

“नाव राहू द्या,” कौसल्याबाई म्हणाल्या. “खाली लिहून देणाऱ्याची सही लागते ना, तेवढी करा.”

चौबळांनी सही केली, खाली ठसठशीत अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. “पण बाई, नावाशिवाय अर्ज कोण घेणार?”

“नाव आलंय त्यात,” म्हणत त्यांनी तो आधीच्या सहा अर्जांबरोबर पिशवीत ठेवला.