सात नंबरचं मिनिट

“सात नंबर!” नाथाजी मास्तरांनी पुकारलं. रेषेवर कोणीच आलं नाही.

येणार तरी कोण? सात नंबरची पद्मा तीन आठवड्यांपूर्वी याच इस्लामपूरच्या रस्त्यावर सायकलचा सराव करताना उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेली होती. पण यादी त्याआधीच टाइप होऊन आली होती, आणि टाइप झालेल्या माणसाला आपल्याकडं मरायची मुभा नसते. शर्यत घड्याळाशी होती. दर मिनिटाला एक मुलगी सुटायची. जी आली नाही तिचंही मिनिट मोजायचं, असा नियम. मास्तर नियमाचे पक्के.

“पाच, चार, तीन...”

सुटणाऱ्या मुलीची सायकल मागून सीट धरून तोलायचं काम धुळाचं. तो सवयीनं वाकला, रिकाम्या जागी दोन्ही हात धरले, आणि “जा!” म्हणताच सोडले. कोणी हसलं नाही. कडेला पद्माचे वडील तात्याबा उभे होते. मिलिटरीतून येताना आणलेलं स्टॉपवॉच घेऊन ते पोरीच्या दर शर्यतीला यायचे, तसे आजही आले होते. “जा” ऐकताच त्यांचा अंगठा खटकन दाबला गेला.

आठ नंबर रेश्माचा, यादीतला शेवटचा. ती कोरेगावची. सातारा-सांगलीच्या या निवडीत दोन वर्षं ती दुसरी आली होती, पद्माच्या मागं. पुण्याच्या शिबिराला जायची फक्त पहिली. पद्मा गेल्याचं कळलं तेव्हा रडू यायच्या आधी तिच्या मनात आलं होतं, आता नंबर माझा. ते आठवलं की तिला स्वतःचीच किळस यायची.

ती सायकलवर चढली. धुळानं सीट धरली.

“धुळादादा, हात का कापत्यात तुमचं?”

“मगाशी हातांना वजन लागलं,” धुळा म्हणाला. “तू फुडं बघ.”

सत्त्याण्णवचा जानेवारी, दोन्ही बाजूंना ऊस आणि त्यात अडकलेलं धुकं. पहिले दोन किलोमीटर तिला नुसता स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मग लांब पुढून आवाज आला. कट्. आणि लगेच पुन्हा, कट्.

पद्माच्या सायकलचं डावं पायडल खाली गेलं की असंच वाजायचं. तात्याबांनी ते दहा वेळा आवळलं, पण वाजायचं थांबलं नाही. रेश्माला तो आवाज पाठ होता. दोन्ही वर्षी तो तिच्या मागून आला होता आणि तिला गाठून पुढं गेला होता.

समोरचा रस्ता रिकामा होता. रेश्मा घाबरली, चांगलीच घाबरली. पण भीतीच्याही वर तिला राग आला. मरूनसुद्धा ही पुढंच? तिनं मान खाली घातली आणि पाय जोरात चालवले.

दहा किलोमीटरवर ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं होतं. पिंपाच्या अलीकडं सहा नंबरची भार्गवी समोरून परतताना दिसली. तिच्यामागं कोणी नव्हतं. थोड्याच वेळानं ते कट्-कट् रेश्माच्या उजव्या अंगानं सरकत गेलं, आणि तिच्या तेवढ्या एका दंडावर काटा आला.

वळसा घेतल्यावर तिनं काही राखून ठेवलं नाही. आवाज लांब जाईना, पण जवळही येईना. वाटेत भार्गवीला तिनं गाठलं, तर ती आधीच डांबर सोडून कडेच्या मातीतून चालवत होती.

“अजून कितीजनी हाईत गं मागं?” भार्गवी धापा टाकत ओरडली. “एकीला आत्ताच वाट दिली की!”

रेश्मा तशीच पुढं निघाली. शेवटच्या चढालाही आवाज मिनिटभर पुढंच होता. तो मिनिटाच्या आत आला तर शर्यत आपली, हे तिला ठाऊक होतं. तिच्या तोंडात रक्ताची चव आली. रेषा अजून दिसत नव्हती. कट् एकदा रेषेपलीकडं वाजलं आणि थांबलं. मिनिटभरानं रेश्मा चुन्याच्या रेषेवरून गेली.

“चौतीस मिनिटं, अकरा सेकंद!” मास्तर ओरडले. “रेश्मा पहिली! पोरी, पुण्याची तयारी कर!”

टाळ्या पडल्या. कोणीतरी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तो तसाच धरून ती तात्याबांकडं गेली. स्टॉपवॉचवरचा त्यांचा अंगठा अजून उचलला नव्हता.

“आवं तात्या, घड्याळ कवा थांबवलंसा?”

“ती आली तवा.”

त्यांनी हात पुढं केला. काटा चौतीस मिनिटं नऊ सेकंदांवर उभा होता. रेश्मानं दोनदा वाचलं. तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर सांडू लागलं.

तात्याबांनी तिच्या घामेजल्या पाठीवरून हात फिरवला.

“रडू नगंस,” ते म्हणाले. “औंदा लय जवळ आली हुतीस.”