न मोडणारी शिडी
आप्पांनी बनवलेली शिडी तीस वर्षं मोडायची नाही, आणि तिथेच गाडं अडलं होतं. एकदा घेतली की गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढायचं नाही. बारा शिड्या भिंतीला टेकून धूळ खात होत्या. "आप्पा, विकू नका, भाड्याने द्या," सून म्हणाली. "वर्षातून दोनदा पंखा पुसायला शिडी कोण विकत घेतं?" "म्हणजे माझ्या हातचा माल दारोदार भटकणार?" "नाहीतर दुकानाला कुलूप." आप्पांनी कुरकुरत ‘शिडी भाड्याने’ पाटी टांगली. मग गिऱ्हाईक शिडी न्यायला यायचं, परत करायलाही यायचं, आणि दोन्ही वेळा गप्पा हाणत बसायचं. महिन्याभराने दुकानातला उंचावरचा एकुलता एक दिवा गेला. आप्पा शिडी घ्यायला वळले, तर भिंत रिकामी. "आता काय करायचं?" सुनेने विचारलं. आप्पा अंधारातच ऐसपैस बसले. "काय म्हणजे? रांगेत आपलाही नंबर लाव."