बगळ्याभोवतीचं धुकं

चित्रकाराने छपाईच्या प्रेसखालचा कागद उचलला. बगळा चोचीपासून नखांपर्यंत स्वच्छ छापला गेला होता. पिसन् पीस मोजून घ्यावं. फक्त धुकं कुठेच नव्हतं.

शेजारी संग्रहालयाचे संचालक उभे होते. याच चित्राची आधीची प्रत पाहून ते भारावले होते. वर जुन्या वळणाचा हुबेहूब पक्षी, पोटाखाली नुसतं काळसर धुकं, एकदम नव्या वळणाचं. परंपरा आणि आधुनिकता एकाच हातात, असं त्यांनी लिहूनही टाकलं होतं. आज ते कायमच्या दालनासाठी एक प्रत डोळ्यांदेखत छापून घ्यायला आले होते. या दिवसाची चित्रकाराने आयुष्यभर वाट पाहिली होती. म्हणूनच तर त्याने सकाळी बायकोला बजावलं होतं, "आज तू आतच थांब."

गोची एवढीच होती, की तांब्याच्या पत्र्यावर पक्षी कोरायचा तो, पण शाई लावून पुसायची ती, आणि पुसताना मागे राहिलेल्या शाईचंच धुकं व्हायचं. पहिली काही वर्षं तो चिडायचा, नीट पूस म्हणायचा. मग समीक्षकांना धुकं आवडलं आणि स्वारी गप्प बसली.

"शाई आज जरा पातळ झालीय," तो म्हणाला. दुसऱ्या वेळी त्याने पुसताना हात आखडता घेतला. बगळा मानेपर्यंत डांबरात बुडाला. संचालकांनी घड्याळ पाहिलं. आता लाज धरून चालणार नव्हतं.

"अगं, जरा येतेस का?"

ती आली. पत्र्यावर शाई फासली, वरची जाळीच्या फडक्याने टिपली, खाली तळहाताची कड दोनदा फिरवली. कागद उचलला तर बगळा धुक्यात उभा.

संचालक आधी प्रतीकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. "म्हणजे ही आधुनिकता तुमची आहे, वहिनी?"

चित्रकाराने मान खाली घातली. तीस वर्षांचं नाव आता हिच्या एका होकारावर टांगलं होतं. तिला आत बसवल्याचा त्याला मनापासून पश्चात्ताप झाला.

"छे हो, कसली आधुनिकता," ती हात पुसत म्हणाली. "यांना पाय काढता येत नाहीत. तीस वर्षं झाकतेय मी."